एक हिमनदी आणि १९५ अटी

जमिनीचा सातबाराचा उतारा तुम्ही घरात केव्हातरी पाहिला असेल. त्यावर जमिनीच्या मालकाचे नाव असते. परंतु काही उताऱ्यांवर माणसाच्या नावाऐवजी 'सरकार' एवढाच शब्द असतो. गावचे गायरान, डोंगरावरचे राखीव जंगल, नदीचे पात्र या अशा जमिनी. सरकार ही काही एक व्यक्ती नव्हे. ते सर्वांच्या वतीने जमीन सांभाळते. म्हणजे अशा जमिनीचे खरे मालक आपण सर्वजण आहोत. अजून जन्माला न आलेली मुलेही त्यांत आली.

आता समजा, एखादी कंपनी सरकारकडे आली आणि म्हणाली, "हा डोंगर आम्हांला द्या. आम्ही तेथे बाराही महिने चालणारे पर्यटनकेंद्र उभारू. लोकांना काम मिळेल, तुम्हांला कर मिळेल." सरकारने काय करावे? लगेच 'हो' म्हणावे, की लगेच 'नाही'? दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि दोन्ही घाईची आहेत. खरे उत्तर मिळण्यापूर्वी पुष्कळ मोजमाप करावे लागते. उतार मोजावा लागतो, तापमान मोजावे लागते, प्राण्यांची संख्या मोजावी लागते आणि वेळही मोजावा लागतो. या मोजमापाची एक खरी हकीकत आज आपण पाहू. ती कॅनडा देशातील आहे आणि ती पूर्ण व्हायला जवळजवळ तीस वर्षे लागली.

जम्बो खोरे

कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून थोडे अधिक. या प्रांतातील सुमारे ९४ टक्के जमीन प्रांतिक सरकारच्या ताब्यातील सार्वजनिक जमीन आहे. तिला तेथे 'क्राउन लँड' म्हणतात. साहजिकच मोठे पर्यटनकेंद्र काढायचे तर बहुधा सरकारच्या दारात जावेच लागते.

प्रांताच्या आग्नेय भागात पर्सेल नावाची पर्वतरांग आहे. तिच्यात इन्व्हरमिअर या लहान गावाच्या पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटरवर जम्बो नावाचे खोरे आहे. भोवती ३,४०० मीटरपर्यंत उंच शिखरे आणि त्यांच्या खांद्यांवर हिमनद्या. व्हँकूव्हर येथील वास्तुशास्त्रज्ञ ओबेर्तो ओबेर्ती यांनी १९९१ साली या खोऱ्यासाठी एक योजना मांडली. खोऱ्याच्या तळाशी, सुमारे १,७०० मीटर उंचीवर एक पर्यटनगाव बांधायचे. (आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे, म्हणजे या गावाचा पायथाच कळसूबाईहून उंच!) तेथून वरच्या हिमनद्यांपर्यंत वीसहून अधिक रज्जुमार्ग न्यायचे आणि लोकांना हिवाळ्यातच नव्हे तर भर उन्हाळ्यातही बर्फावरून घसरण्याचा, म्हणजे स्कीइंगचा, आनंद द्यायचा. गावात सुमारे सहा हजार खाटांची सोय आणि एकूण खर्च सुमारे ९० कोटी कॅनेडियन डॉलर.

बारमाही कशासाठी?

तुम्ही विचाराल, हिवाळ्यात स्कीइंग आणि उन्हाळ्यात सुट्टी, असे का चालत नाही? याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. रज्जुमार्ग, हॉटेले, रस्ते, पाण्याच्या टाक्या यांवरचा खर्च एकदाच होतो. परंतु बर्फ साधारणपणे चार-पाच महिनेच असतो. उरलेले महिने सारे सामान पडून राहते, व्याज मात्र चालू राहते. कामगारांनाही वर्षातून अर्धा वेळच काम मिळते. म्हणून अशा केंद्रांच्या चालकांची धडपड ते वर्षभर चालावे यासाठी असते. काहीजण उन्हाळ्यात सायकलींचे मार्ग काढतात. काहीजण आणखी वर, जेथे बर्फ वितळतच नाही तेथे जाऊ पाहतात. जम्बोची योजना या दुसऱ्या प्रकारची होती.

वर बर्फ का टिकतो? हवा उंचावर गेली की विरळ होते, प्रसरण पावते आणि थंड होते. सरासरीने दर किलोमीटरला तापमान सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. पायथा १,७०० मीटरवर आणि माथा ३,४०० मीटरवर असेल तर उंचीतील फरक १.७ किलोमीटर झाला. १.७ × ६.५ = सुमारे ११. म्हणजे उन्हाळ्यात पायथ्याशी १२ अंश तापमान असेल तेव्हा माथ्यावर ते जेमतेम १ अंश असेल. हिवाळ्यात साचलेले बर्फ एवढ्या थंडीत सगळे वितळू शकत नाही. त्यावर पुढच्या वर्षीचे बर्फ पडते. थरावर थर साचून, दाबाने घट्ट होऊन हिमनदी तयार होते.

हिमनदीचा हिशेब बँकेतील खात्यासारखा असतो. हिवाळ्यातील हिमवृष्टी ही जमा, उन्हाळ्यातील वितळणे हा खर्च. जमेपेक्षा खर्च वाढला की शिल्लक घटू लागते. पश्चिम कॅनडातील हिमनद्यांचा खर्च सध्या जमेपेक्षा अधिक आहे. २००५ सालच्या मानाने या शतकाअखेर तेथील हिमनद्यांतील सुमारे ७० टक्के बर्फ नाहीसे होईल, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. ही गोष्ट लक्षात ठेवा. ज्या बर्फाच्या भरवशावर गाव 'बारमाही' म्हणायचे ते बर्फच जर आटत असेल, तर जुन्या नकाशावर दिलेली परवानगी किती वर्षे खरी मानायची?

खाटा किती? हिशेब रज्जुमार्गाचा

सार्वजनिक जमिनीवरील रिसॉर्टसाठी ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारचे ठरलेले धोरण आहे. त्यातील एक नियम तुम्हां गणितप्रेमींना आवडेल. गावात किती खाटा बांधायच्या हे कंपनीच्या इच्छेवर सोडलेले नाही. ते डोंगर किती माणसांना सुखाने खेळवू शकतो यावरून ठरते.

कसे, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एक रज्जुमार्ग तासाला १,२०० माणसे ४०० मीटर उंच नेतो. तो दिवसाला ७ तास चालतो, पण सगळेच पाळणे भरत नाहीत. समजा, ८० टक्के भरतात. मग दिवसभरात त्याने केलेले काम असे:

१,२०० × ४०० × ७ × ०.८ = २६,८८,००० माणूस-मीटर.

आता एक खेळाडू दिवसभरात एकूण ४,००० मीटर उंची चढून पुन्हा घसरत खाली येतो असे धरू. २६,८८,००० ला ४,००० ने भागले की ६७२ येतात. म्हणजे हा रज्जुमार्ग दिवसाला सुमारे ६७२ माणसांना पुरेल. असे सर्व रज्जुमार्गांचे आकडे मिळवायचे, घसरणीचे उतार तेवढी माणसे सामावतील का हे तपासायचे आणि त्या प्रमाणात खाटांना परवानगी द्यायची. पुन्हा हे सारे टप्प्याटप्प्याने. आधी रज्जुमार्ग उभारा, मग त्या प्रमाणात पायथ्याची जमीन मिळेल.

हा नियम कशासाठी केला असेल? डोंगरपायथ्याची सरकारी जमीन घेऊन नुसते बंगले बांधून विकणे हा रज्जुमार्ग चालविण्यापेक्षा सोपा धंदा आहे. जमीन खेळासाठी मागायची आणि उपयोग घरे विकण्यासाठी करायचा, असे होऊ नये म्हणून यंत्रशास्त्रातील एक साधा गुणाकार कायद्याच्या मदतीला घेतला आहे.

परवानगीची शिडी

जम्बोची परवानगी एका सहीने मिळाली नाही. १९९३ साली सरकारने कंपनीशी हंगामी करार केला. १९९५ पासून पर्यावरणावरील परिणामांची तपासणी सुरू झाली. ती नऊ वर्षे चालली. ऑक्टोबर २००४ मध्ये कंपनीला पर्यावरण प्रमाणपत्र मिळाले. त्यासोबत १९५ अटी होत्या. २००७ साली गावाचा बृहद् आराखडा मान्य झाला आणि मार्च २०१२ मध्ये मुख्य विकास करारावर सह्या झाल्या.

या काळात योजनेत बदलही झाले. क्षेत्र पुष्कळ कमी केले गेले. खोऱ्याच्या ज्या बाजूस ग्रिझली जातीच्या अस्वलांचा वावर होता तेथील रज्जुमार्ग वगळण्यात आले. या अस्वलांचा प्रश्न सर्वांत बिकट होता. ग्रिझलीची मादी पाच-सात वर्षांची झाल्यावर प्रथम पिल्लांना जन्म देते आणि पुढची खेप साधारण तीन वर्षांनी येते. त्यामुळे कळपांनी राहणाऱ्या हरणांची घट जशी चटकन भरून निघते तशी अस्वलांची निघत नाही. शिवाय पर्सेल रांगेतून उत्तर-दक्षिण हिंडणाऱ्या अस्वलांना हे खोरे म्हणजे वाटेवरचा दुवा होता. साखळीतील कडी लहान असली तरी ती तुटल्यावर साखळी दोन तुकड्यांची होते. म्हणून गाव किती एकर जागा व्यापते एवढे पाहून भागत नाही. ते कोणत्या वाटेवर उभे राहते हेही पाहावे लागते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने आणखी एक पाऊल टाकले. रहिवासी नसतानाही पर्वतीय पर्यटनकेंद्राला नगरपालिका देता यावी अशी दुरुस्ती कायद्यात त्याच वर्षी झाली होती. तिच्या आधारे जम्बो खोऱ्यासाठी नगरपालिका जाहीर झाली. नगराध्यक्ष होते, सभासद होते, ते सारे सरकारने नेमलेले. नागरिक मात्र एकही नव्हता! समर्थकांचे म्हणणे असे की, रस्ते, पाणी, सांडपाणी यांचे नियोजन लोक येण्यापूर्वीच व्हायला हवे. विरोधक विचारीत, ज्या पालिकेला मतदारच नाही ती जाब कोणाला देणार? दोन्ही प्रश्न विचार करण्याजोगे आहेत.

बर्फ का कोसळते?

आता १९५ अटींपैकी एका अटीकडे वळू. ती छत्तिसावी अट होती. तिचा आशय असा की, राहण्याच्या व व्यवसायाच्या इमारती हिमलोटाच्या धोक्याच्या क्षेत्राच्या पूर्णपणे बाहेर असल्या पाहिजेत.

हिमलोट म्हणजे डोंगरउतारावरून एकाएकी सुटणारा बर्फाचा लोंढा. तो कसा सुटतो हे घरी करून पाहता येईल. एक गुळगुळीत फळी घ्या. तिच्यावर एक जाड वही ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. वही घसरू लागेल तेव्हा त्या टोकाची जमिनीपासून उंची मोजून ठेवा. आता वहीखाली साबुदाण्याचा एकच थर पसरा आणि प्रयोग पुन्हा करा. या वेळी वही फारच कमी उंचीवर घसरेल. वही तीच, फळी तीच; मधला थर तेवढा बदलला.

बर्फाचेही असेच असते. हिमवृष्टी एकसारखी होत नाही. काही थर घट्ट बसतात, तर काही थर साखरेच्या दाण्यांसारखे सुटे राहतात. अशा सुट्या थरावर नव्या बर्फाची जड लादी साचली की ती घसरायला निमित्तच शोधत असते. थोडी नवी हिमवृष्टी, थोडी ऊब किंवा एका माणसाचे वजन पुरते. उतार फार कमी असेल तर लादी जागीच राहते. फार उभा असेल तर बर्फ साचायच्या आधीच थोडे थोडे गळून पडते. धोकादायक उतार मधले, म्हणजे बहुतकरून ३० ते ४५ अंशांचे. धोक्याची जागा मात्र त्या उतारापुरती नसते. सुटलेला लोंढा खाली सपाटीवरही दूरवर जातो. म्हणून तळाची सपाट, बांधकामाला सोयीची दिसणारी जागाही धोक्यात असू शकते.

लोंढ्याच्या जोराचा अंदाज करू. समजा, वाहत्या बर्फाची घनता दर घनमीटरला २०० किलोग्रॅम आहे आणि वेग सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर आहे. वाटेत एक भिंत आहे. तिच्या एक चौरस मीटर भागावर दर सेकंदाला २०० × २५ = ५,००० किलोग्रॅम बर्फ आदळेल. त्याचा संवेग ५,००० × २५ = १,२५,००० एकके. हा सर्व संवेग भिंतीशी थांबला, तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे भिंतीवर १,२५,००० न्यूटन बल पडेल. म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे साडेबारा टन वजन! साधी भिंत तेथे काय टिकणार? वेग दुप्पट झाला तर हे बल चौपट होईल, हेही सूत्रावरून पाहा.

काँक्रीट आणि दिनदर्शिका

पर्यावरण प्रमाणपत्राला आणखी एक महत्त्वाची मर्यादा होती, ती म्हणजे मुदत. ठरलेल्या दिवसापर्यंत प्रकल्पाची 'भरीव सुरुवात' झाली पाहिजे, नाहीतर प्रमाणपत्र संपते. कायद्याप्रमाणे मुदत एकदाच वाढविता येत होती. २००९ साली ती वाढवून मिळाली. अखेरचा दिवस ठरला १२ ऑक्टोबर २०१४.

मुदत ही केवळ कार्यालयीन कटकट आहे असे समजू नका. तपासणीत जे मोजले जाते ते त्या वर्षाचे असते. हिमनदी मागे सरकते, प्राण्यांच्या वाटा बदलतात, शेजारी नवे रस्ते होतात. औषधाच्या बाटलीवर जशी तारीख असते तशीच ती ज्ञानावरही हवी. नाहीतर एकदा मिळालेला कागद घेऊन कोणी पन्नास वर्षांनीही बांधकामाला येऊ शकेल.

मुदत जवळ आली तेव्हा खोऱ्यात काय होते? २०१४ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीस घाईने काम चालू होते. पर्यटकांच्या दिवसाच्या विश्रामगृहाच्या आणि सेवा-इमारतीच्या पायाचे काँक्रीट ओतले गेले. मग तपासनीस आले. हिमलोटाच्या जाणकारांनी जागेची पाहणी केली. तेव्हा असे दिसले की, हे पाये हिमलोटाच्या धोक्याच्या क्षेत्रात येतात. म्हणजे छत्तिसाव्या अटीचा भंग झाला होता. २०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारने तेथील काम थांबविण्याचा आदेश दिला.

मुख्य प्रश्न उरला तो 'भरीव सुरुवात' झाली का, हा. जून २०१५ मध्ये पर्यावरणमंत्री मेरी पोलक यांनी निर्णय दिला की, झाली नाही. सहा हजार खाटांच्या गावाच्या मानाने जमिनीवर जे दिसत होते ते फारच थोडे होते. प्रमाणपत्र संपले.

कंपनी न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे की, परवानग्या मिळायलाच उशीर झाला, त्याचा विचार व्हायला हवा. २०१८ साली प्रांताच्या न्यायालयाने हा निर्णय फेरविचारासाठी परत पाठविला. परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरविला आणि मंत्र्यांचा मूळ निर्णय कायम ठेवला.

जे मोजता येत नाही

आतापर्यंत आपण उतार, वेग, खाटा आणि दिवस मोजले. आता या हकीकतीतील सर्वांत अवघड भाग पाहू.

जम्बोचा परिसर हा क्टुनाहा या आदिवासी राष्ट्राच्या परंपरागत भूमीचा भाग आहे. ते या खोऱ्याला कॅट्मुक म्हणतात. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे हे ग्रिझली अस्वलाच्या आत्म्याचे घर आहे. तेथे कायम वस्ती झाली तर तो आत्मा निघून जाईल, असे त्यांचे म्हणणे. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी प्रांताच्या राजधानीत ही भूमिका जाहीरनाम्याने मांडली. येथे रज्जुमार्ग कमी करणे किंवा जागा थोडी सरकवणे हा तोडगा नव्हता. देवघरात कारखाना थोडा लहान बांधला, तर चालेल का?

हा वाद कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. २ नोव्हेंबर २०१७ रोजी निकाल लागला. सर्व न्यायाधीशांनी क्टुनाहांचे अपील फेटाळले. बहुसंख्य न्यायाधीशांचे म्हणणे असे की, राज्यघटना माणसाच्या श्रद्धा बाळगण्याच्या आणि आचरण्याच्या स्वातंत्र्याचे रक्षण करते. श्रद्धेचा जो विषय आहे, म्हणजे येथे तो आत्मा, त्याचे रक्षण करण्याची हमी ती देत नाही. दोन न्यायाधीशांचे मत निराळे होते. त्यांच्या मते क्टुनाहांच्या धर्मस्वातंत्र्याला येथे धक्का बसतो, कारण भूमीच गेली तर श्रद्धेतील अर्थच जातो. मात्र सार्वजनिक जमिनीबाबतच्या इतर जबाबदाऱ्या पाहता मंत्र्यांचा निर्णय त्यांनाही अवाजवी वाटला नाही.

म्हणजे या न्यायालयात क्टुनाहा हरले. तरीही रिसॉर्ट झाले नाही. कारण प्रमाणपत्राची मुदत टळली होती. जे श्रद्धेच्या युक्तिवादाने थांबले नाही ते एका तारखेने थांबले. तारीख मोजता येते, पावित्र्य मोजता येत नाही, हा त्यातला फरक. नियमांचे बळ येथे दिसते आणि त्यांची मर्यादाही येथेच दिसते.

ही मर्यादा अखेर चर्चेने ओलांडली गेली. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले की, कंपनी आपले हक्क सोडून देत आहे आणि खोऱ्यात क्टुनाहांच्या पुढाकाराने संरक्षित क्षेत्र होणार आहे. त्यासाठी कॅनडाच्या केंद्र सरकारने आणि काही खासगी धर्मादाय संस्थांनी मिळून सुमारे २ कोटी १० लाख डॉलर दिले. नागरिक नसलेली ती नगरपालिकाही पुढे बरखास्त झाली.

आपण काय शिकलो?

या हकीकतीत सगळे खलनायक एका बाजूला आणि सगळे नायक दुसऱ्या बाजूला नाहीत. योजना मांडणाऱ्याला खरोखरच वाटत होते की, डोंगराचे सौंदर्य लोकांना दाखवावे. लहान गावांतील अनेकांना रोजगार हवा होता, आणि ती मागणी मुळीच चुकीची नव्हती. अस्वलांचा अभ्यास करणाऱ्यांना काळजी वाटत होती, तीही खरी होती. अशा वेळी जो मोठ्याने ओरडेल त्याचे ऐकायचे, की आधी ठरविलेल्या मोजपट्टीने मोजायचे? नियमांचा खरा उपयोग हा आहे. मोजपट्टी आधी ठरलेली असते. मोजणीनंतर ती कोणालाही आपल्या सोयीने वाकविता येत नाही.

मात्र मोजपट्टी चांगली हवी. 'निसर्गाची काळजी घ्यावी' ही अट वाचायला गोड आहे, परंतु ती मोडली की पाळली हे कोण सांगणार? 'इमारती हिमलोटाच्या क्षेत्राच्या पूर्णपणे बाहेर असाव्यात' ही अट कोरडी वाटते. पण नकाशा घेऊन जागेवर गेले की तिचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे मिळते. म्हणून तर १९५ अटींतील त्या एका अटीने ओतलेले काँक्रीट पकडले.

तुम्ही पुढे अभियंते व्हाल, वकील व्हाल, तलाठी व्हाल किंवा ग्रामसभेत बसणारे जागरूक नागरिक व्हाल. सार्वजनिक जमिनीची मागणी तुमच्यासमोरही येईल. तेव्हा अर्जावरील रंगीत चित्र पाहण्यापूर्वी अटींचा कागद मागा आणि प्रत्येक अटीपुढे एकच प्रश्न लिहा : हे मोजायचे कसे, आणि मोजणार कोण?

विचार करा आणि सोडवा

१. पायथ्यापासून माथा २.२ किलोमीटर उंच आहे आणि पायथ्याचे तापमान १८ अंश आहे. माथ्याचे तापमान सुमारे किती असेल? तेथे बर्फ वितळेल का?

२. एक रज्जुमार्ग तासाला १,५०० माणसे ३०० मीटर उंच नेतो, दिवसाला ६ तास चालतो आणि ७५ टक्के भरतो. एका खेळाडूला दिवसाला ३,००० मीटर उंची लागते. तो किती माणसांना पुरेल?

३. हिमलोटाचा वेग सेकंदाला २५ ऐवजी ४० मीटर झाला, तर भिंतीवरील बल किती पट होईल?

४. वहीचा प्रयोग करताना मोजलेल्या उंचीला फळीच्या लांबीने भागा. या गुणोत्तरावरून घसरण्याचा कोन कसा काढाल? साबुदाण्याऐवजी रवा आणि मोहरी वापरून कोनांचा तक्ता करा.

५. तुमच्या गावाजवळची एखादी सार्वजनिक जागा निवडा. तेथे बारमाही पर्यटनकेंद्र काढायचे ठरले तर तुम्ही कोणत्या पाच अटी घालाल? प्रत्येक अट अशी लिहा की, ती पाळली की मोडली हे तुमच्या वर्गातील कोणीही जागेवर जाऊन सांगू शकेल. आणि सहावी ओळ रिकामी ठेवा : तुमच्या गावाला प्रिय असलेली, परंतु मोजता न येणारी गोष्ट तेथे लिहा.